थरथरणाऱ्या यंत्राची नाडीपरीक्षा

वैद्य रोग्याला तपासताना काय करतात ते तुम्ही पाहिले आहे. आधी ते प्रश्न विचारतात. मग नाडी पाहतात, जीभ पाहतात, छातीला नळी लावून ऐकतात. औषधाची चिठ्ठी सर्वांत शेवटी लिहिली जाते. यंत्र बिघडले की मात्र पुष्कळदा उलटे घडते. आधी औषध, म्हणजे नवा सुटा भाग, आणि रोगनिदान मागाहून! पैसे जातात, वेळ जातो आणि यंत्र पुन्हा तसेच खडखडते.

यंत्राचेही निदान शिस्तीने करता येते. त्यासाठी फार मोठी अवजारे लागत नाहीत. एक पट्टी, खडूचा तुकडा, तुमच्या पाठ्यपुस्तकातले थोडे पदार्थविज्ञान आणि भरपूर विचार एवढे पुरते. आज आपण असाच एक रोगी तपासणार आहोत. हा रोगी आपल्याकडचा नाही. तो आहे अमेरिकेतला, आणि त्याचे नाव आहे ‘बसून चालवायचे गवतकापणी यंत्र’.

हिरवळीचा देश

अमेरिकेत शहरांच्या उपनगरांतील घरांभोवती मोठमोठ्या हिरवळी असतात. क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली उपग्रहांच्या व हवाई छायाचित्रांच्या मदतीने या हिरवळींचा अंदाज बांधला. घरे, बागा, गोल्फची मैदाने सर्व धरून आकडा आला सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ आहे ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र नुसत्या हिरवळीने झाकून टाकावा, एवढे हे गवत! ते वाढते, आणि उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी आठवड्याला एकदा तरी कापावे लागते.

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील स्ट्राउड या गावच्या एडविन बडिंग यांनी केले. त्याचे एकस्व त्यांना १८३० साली मिळाले. कापडगिरणीत लोकरी कापडावरचे उभे राहिलेले तंतू कापून कापड गुळगुळीत करणारे यंत्र असे. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. बडिंग यांच्या यंत्रात एका आडव्या रुळावर पिळदार पाती बसवलेली होती. रूळ फिरला की ती पाती खालच्या स्थिर पात्याला घासून जात आणि मध्ये सापडलेले गवत कातरले जाई. थोडक्यात, ती एक फिरती कात्री होती. क्रिकेटच्या मैदानांवर अशा रुळाची यंत्रे आजही वापरतात.

आपला रोगी वेगळ्या जातीचा आहे. त्याचे पाते छताच्या पंख्यासारखे आडवे फिरते. खाली दुसरे स्थिर पाते नाही. मग गवत कापले कसे जाते? कोयत्याने! कात्रीला घाई नसते, कारण तिचे एक पाते वस्तू धरून ठेवते आणि दुसरे कापते. कोयत्याने मोकळे उभे गवत कापायचे असेल तर वार जोराचा हवा. हळू वार केला तर गवत नुसते वाकते. वार वेगाचा असला म्हणजे वाकायला सवडच मिळत नाही. गवताच्या पात्याचे स्वतःचे जडत्वच त्याला क्षणभर जागेवर धरून ठेवते आणि तेवढ्यात ते कापले जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सारी कहाणी या वेगाभोवतीच फिरते.

रोग्याचे शरीर

बसून चालवायचे यंत्र एखाद्या ठेंगण्या ट्रॅक्टरसारखे दिसते. त्याच्या पोटाखाली पत्र्याचे एक उपडे, पसरट कवच टांगलेले असते. त्याला ‘डेक’ म्हणतात. १०७ सेंटिमीटर (४२ इंच) रुंदीच्या डेकखाली बहुधा दोन पाती असतात, त्याहून रुंद डेकखाली पुष्कळदा तीन.

प्रत्येक पाते एका उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला बोल्टने आवळलेले असते. या दांड्याला ‘स्पिंडल’ म्हणतात. चरख्याची चाती तुम्ही पाहिली असेल. स्पिंडल म्हणजे चातीच, फक्त उभी आणि जाडजूड. ती दोन बेअरिंगांत फिरते. बेअरिंगे एका ओतीव घरात बसवलेली असतात आणि ते घर बोल्टांनी डेकला जोडलेले असते. चातीच्या वरच्या टोकाला कप्पी असते. एंजिनाकडून आलेला रबरी पट्टा या सर्व कप्प्यांवरून फिरतो. पट्टा सैल पडू नये म्हणून स्प्रिंग लावलेली एक वेगळी कप्पी त्याला ताण देत राहते.

पात्याच्या टोकांकडे पाहा. पुढच्या कडेला धार असते आणि मागची कडा पंखासारखी वर वळवलेली असते. हा पंख हवा वर ओढतो. त्यामुळे गवत कापले जाण्यापूर्वी ताठ उभे राहते आणि कापल्यावर बाजूच्या तोंडातून बाहेर फेकले जाते. म्हणजे पाते एकाच वेळी कोयताही आहे आणि पंखाही.

थोडे गणित

आता वही घ्या. समजा, पात्याची लांबी ५३ सेंटिमीटर आणि वस्तुमान ९०० ग्रॅम आहे. ते मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. टोकाचे केंद्रापासूनचे अंतर साडेसव्वीस सेंटिमीटर. एका फेऱ्यात टोक सुमारे १.६७ मीटर जाते, म्हणून एका सेकंदात ८३ मीटर. ताशी वेग झाला सुमारे ३०० किलोमीटर! अमेरिकेतील मानकाप्रमाणे टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेशहाण्णव मीटरपेक्षा, अधिक असू नये. आपले पाते या मर्यादेच्या आत आहे, पण फार आत नाही.

या पात्यात साठलेली गतिज ऊर्जा काढली तर ती सुमारे १,००० जूल भरते. एक किलोचा दगड १०० मीटर उंचीवरून खाली टाकला, तर जमिनीवर आदळताना त्याच्याजवळ साधारण एवढी ऊर्जा असेल. मुंबईचा राजाबाई टॉवर आहे सुमारे ८५ मीटर उंचीचा. त्याच्याही वरून पडणारा दगड! म्हणूनच या पात्यातून एखादा खडा उडाला तर तो गोफणीतून सुटल्यासारखा जातो. म्हणूनच ढकलत चालवायच्या यंत्रांसाठी अमेरिकेत असा नियम आहे, की दांडीवरचा हात निघताच ३ सेकंदांच्या आत पाते थांबले पाहिजे. ३० जून १९८२ पासून बनलेल्या यंत्रांना तो लागू आहे. बसून चालवायच्या यंत्रात चालक उठला की आसनाखालचा खटका पाती बंद करतो.

आणखी एक गणित. गोल फिरणारी प्रत्येक वस्तू केंद्राकडे ओढून धरावी लागते, नाही तर ती सरळ रेषेत निघून जाईल. या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. पात्याचा अर्धा भाग म्हणजे ४५० ग्रॅम. वस्तुमान, कोनीय वेगाचा वर्ग आणि गुरुत्वमध्याची त्रिज्या यांचा गुणाकार करा. उत्तर येते सुमारे ५,९०० न्यूटन, म्हणजे ६०० किलोग्रॅम वजनाएवढे! पात्याचा प्रत्येक अर्धा भाग चातीला एवढ्या जोराने आपल्याकडे ओढत असतो. मग चाती मोडत कशी नाही? कारण दुसरा अर्धा भाग तिला तेवढ्याच जोराने उलट बाजूला ओढत असतो. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारखे असले की मधला रुमाल हलत नाही, तसेच हे.

आता समजा, एका टोकाचा १० ग्रॅमचा तुकडा दगडावर आपटून उडाला. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. पण २५ सेंटिमीटर त्रिज्येवर आणि सेकंदाला ५० फेऱ्यांच्या वेगाने या दहा ग्रॅमांचा हिशेब होतो सुमारे २५० न्यूटन, म्हणजे २५ किलोग्रॅम वजनाएवढा. रस्सीखेचीत एका बाजूला २५ किलोचा गडी जास्त झाला! तोही स्थिर उभा नाही. तो चातीभोवती धावत तिला सेकंदात ५० वेळा हिसके देतो आहे. तासाभरात असे १,८०,००० हिसके बेअरिंगांना बसतात. यंत्र थरथरू लागते ते यामुळे.

काकांचे यंत्र

समजा, तुमचे काका ओहायओ राज्यात राहतात. त्यांच्या घरामागे मोठी हिरवळ आहे आणि दोन पात्यांचे यंत्र आहे. एके दिवशी गवत कापताना गवतात लपलेल्या झाडाच्या मुळावर पाते आदळले. ‘धाड’ असा आवाज झाला आणि तेव्हापासून यंत्र थरथरू लागले. काकांना वाटले, पाते वाकले असणार. त्यांनी नवे पाते आणून बसवले. थरथर कमी झाली नाही. आता कोणी सांगतो, बेअरिंगे बदला. कोणी सांगतो, दोन्ही चात्या बदला. कोणी सांगतो, चालते आहे ना, मग चालू द्या!

शेवटचा सल्ला सर्वांत वाईट. थरथरीने बोल्ट सैल होतात, बेअरिंगे झिजतात, चातीच्या ओतीव घराला आणि डेकच्या पत्र्याला तडे जातात. ताशी ३०० किलोमीटर वेगाने फिरणारे पाते ज्यावर टांगले आहे, ती जागा तडकलेली असणे म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि त्या हिरवळीवर मुले खेळत असतात. तेव्हा आपण काकांना मदत करू या.

पहिला नियम

पण थांबा. रोग्याला हात लावण्यापूर्वी एक नियम पाळायचाच आहे. एंजिन बंद करायचे, किल्ली काढून खिशात टाकायची, हात-ब्रेक लावायचा आणि स्पार्क प्लगची तार काढून बाजूला बांधायची. यंत्र विजेवर चालणारे असेल तर त्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीचे जोड सोडवायचे. हातात जाड मोजे घालायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कधीही शिरायचे नाही. आणि हेही ध्यानात ठेवायचे, की पट्टा लावलेला असताना एक पाते हाताने फिरवले की दुसरेही फिरते. डाव्या हाताने पाते फिरवताना उजवा हात दुसऱ्या पात्याजवळ असेल, तर डाव्याने उजव्याला दुखापत केली असे व्हायचे! हे सारे काम मोठ्या माणसांचे. आपण विचार करायचा, मोजमापे लिहून घ्यायची.

इतिहास विचारा, जीभ पाहा

वैद्यांप्रमाणे आधी प्रश्न. थरथर केव्हा सुरू झाली? हळूहळू वाढत गेली, की एकदम आली? हळूहळू वाढली असेल तर झीज, एकदम आली असेल तर आघात. काकांच्या बाबतीत ती आघातानंतर एकदम आली. ही पहिली खूण.

रोग्याची जीभ म्हणजे कापलेली हिरवळ. ती बरेच काही सांगते. गवताची टोके फाटल्यासारखी दिसतात आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी होतात काय? मग पाते बोथट आहे. ते गवत कापत नाही, ओरबाडते. मध्येच न कापलेल्या गवताची पट्टी राहते काय? मग पात्याची टोके किंवा मागचे पंख झिजले असतील, किंवा पट्टा घसरून वेग कमी पडत असेल. वेग कमी पडला की कोयता गवताला नुसते वाकवतो, हे आपण पाहिलेच. आणि हिरवळीवर पायरी पडते काय, म्हणजे एका पात्याखालचे गवत उंच आणि दुसऱ्याखालचे ठेंगणे? मग काहीतरी वाकले किंवा कलले आहे. पण त्याआधी टायरांतली हवा मोजा! एका बाजूचे टायर बसले असेल तर सारे यंत्रच त्या बाजूला झुकते. फुकटात होणारी तपासणी सर्वांत आधी करावी, हा निदानाचा उत्तम नियम आहे.

कानाने निदान

आता एंजिन चालू करून ऐकायचे. चालक आसनावर, बाकीचे सर्व दूर. पाती न जोडता नुसते एंजिन चालवा. थरथर आहे? असेल तर दोष एंजिनाकडे आहे, पात्यांना उगाच बोल लावू नका. पाती जोडताच थरथर सुरू होते? मग दोष डेकमध्ये, पट्ट्यात किंवा पाती जोडणाऱ्या भागात आहे. एका खटक्याने अर्धे यंत्र संशयातून मुक्त झाले.

आता थरथरीचा ठेका ओळखा. पाते किंवा चाती दोषी असेल तर हिसके सेकंदाला ५०. एवढे हिसके वेगवेगळे मोजता येत नाहीत, त्यांची सलग घरघर होते. पट्ट्याला एके जागी गाठ किंवा चीर असेल तर? समजा, कप्पीचा व्यास १४ सेंटिमीटर आहे. पट्टा सेकंदाला २२ मीटर धावतो. पट्ट्याची लांबी ३.३ मीटर असेल तर ती गाठ एकाच कप्पीवर सेकंदाला साडेसहा-सात वेळा येते. म्हणजे ‘थप-थप-थप’ असा वेगळा ठेका ऐकू येतो. थपथप असेल तर पट्टा पाहा, घरघर असेल तर पाते आणि चाती.

एंजिनाचा वेग निम्मा केला तर असमतोलाचे बल निम्मे नव्हे, एक चतुर्थांश होते, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. वेग थोडा कमी करताच थरथर पुष्कळच कमी झाली, तर असमतोलाचा संशय बळावतो. काकांच्या यंत्रात घरघर आहे, आणि ती पाती जोडल्यावरच येते.

हाताने निदान

एंजिन बंद. पुन्हा पहिला नियम, सगळाच्या सगळा. मग पट्टा उतरवायचा, म्हणजे प्रत्येक चाती स्वतंत्र होते. पाते हाताने हळूच फिरवून सोडा. चांगली चाती मुकाट्याने फिरते आणि हलकेच थांबते. बेअरिंग खराब असेल तर जात्यात खडा सापडावा तशी खरखर येते, किंवा चाती अडखळत थांबते. मग पात्याची दोन्ही टोके धरून वर-खाली आणि आडवी हलवून पाहा. चाती खडखडली तर बेअरिंग झिजले आहे, किंवा पात्याचा बोल्ट अथवा घराचे बोल्ट सैल आहेत. आधी बोल्ट पाहा, मग बेअरिंगाला दोष द्या.

बेअरिंगे खराब का होतात? पुष्कळदा त्याला माणूसच कारण असतो. डेक धुताना जोराचे पाणी थेट चातीवर मारले की ते सीलमधून आत शिरते, ग्रीस वाहून जाते आणि गोळ्या गंजतात. सुतळी किंवा प्लॅस्टिकचा दोरा चातीभोवती गुंडाळला गेला की तो सील कापतो. वरच्या झाकणाखाली ओले गवत साचले की तेही गंज आणते. बेअरिंग जाम होऊ लागले की पट्टा घसरतो आणि जळक्या रबराचा वास येतो. तेव्हा पट्टा बदलून उपयोग नाही. नवा पट्टाही जळेल.

काकांच्या दोन्ही चात्या मुकाट्याने फिरल्या. खेळही नाही. म्हणजे बेअरिंगे सध्या तरी ठीक आहेत. बेअरिंगे बदलण्याचा खर्च वाचला!

पट्टीने निदान

आता सर्वांत गमतीची तपासणी. यंत्र सपाट फरशीवर उभे करा. पात्याच्या एका टोकावर खडूने ‘क’ लिहा, दुसऱ्यावर ‘ख’. चातीवरही ‘क’च्या बाजूला एक खूण करा. डेकच्या पुढच्या कडेजवळ फरशीवर एक ठिपका काढा. ‘क’ टोक ठिपक्यावर आणा आणि फरशीपासून त्याची उंची मोजा. मग पाते अर्धा फेरा फिरवून ‘ख’ त्याच ठिपक्यावर आणा आणि मोजा.

दोन्ही उंची सारख्या आल्या तर पाते आणि चाती दोन्ही सरळ आहेत. वेगळ्या आल्या तर कोणीतरी वाकले आहे. अनेक पुस्तिकांत ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो असे सांगितलेले असते. काकांच्या डाव्या पात्याची उंची दोन्ही टोकांना ७३ मिलिमीटर भरली. उजवे पाते मात्र असे निघाले: ‘क’ ७० मिलिमीटर, ‘ख’ ७६ मिलिमीटर. फरक ६ मिलिमीटर!

उजवीकडचे पाते तर नवेच आहे. मग चाती वाकली म्हणायची? थांबा, घाई नको. कदाचित नवे पातेच वाकडे असेल. किंवा पाते आणि त्याची बैठक यांच्यामध्ये वाळलेल्या गवताचा कण अडकला असेल. तुम्ही म्हणाल, एवढासा कण काय करणार? समरूप त्रिकोण आठवा. बैठकीचा व्यास ५ सेंटिमीटर आणि पात्याच्या टोकांमधले अंतर ५३ सेंटिमीटर. बैठकीच्या एका कडेला अर्ध्या मिलिमीटरचा कण असेल, तर टोकांच्या उंचीतला फरक त्याच्या साडेदहा पट, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर होतो. म्हणून आधी पाते सोडवून बैठक स्वच्छ पुसायची.

आता पाते पुन्हा बसवायचे, पण अर्धा फेरा फिरवून. म्हणजे चातीवरच्या खुणेकडे पूर्वी ‘क’ होता, आता ‘ख’ येईल. मग पुन्हा मोजायचे. मोजण्यापूर्वी जरा वाचन थांबवा आणि स्वतः विचार करा. पाते वाकडे असेल तर काय दिसेल? चाती वाकडी असेल तर काय दिसेल?

पाते वाकडे असेल तर वाकडेपणा पात्याबरोबर जाईल. ‘क’ पूर्वी खाली होता, आताही तोच खाली असेल. चाती वाकडी असेल तर वाकडेपणा चातीच्या खुणेशी राहील. खुणेकडचे टोक खाली. तिथे आता ‘ख’ आहे, म्हणून ‘ख’ खाली येईल. फरक नाहीसा झाला किंवा बराच बदलला, तर दोघेही थोडेथोडे दोषी आहेत, किंवा पहिल्या वेळी बैठकीत कण अडकला होता. अशा वेळी बैठक पुसून पाते मूळच्या बाजूने बसवावे आणि एकदा पुन्हा मोजावे.

एक अडचण मात्र येऊ शकते. काही पात्यांचे मधले भोक पाच टोकांच्या ताऱ्यासारखे असते. असे पाते नेमके अर्धा फेरा फिरवून बसत नाही. तेव्हा डावीकडचे सरळ ठरलेले पाते उजव्या चातीवर लावून पाहावे. फरक राहिला तर चाती दोषी.

काकांच्या यंत्रात पाते उलटून बसवल्यावर ‘क’ ७६ आणि ‘ख’ ७० निघाला. वाकडेपणा चातीच्या खुणेशी राहिला. चोर सापडला! नवे पाते निर्दोष होते. उजवी चाती वाकली होती. मुळावर आदळल्याचा धक्का पात्यातून तिच्यापर्यंत पोहोचला होता.

एक शंका उरते. आघाताने डेकचा पत्राही वाकला असेल तर? त्याचीही तपासणी याच पट्टीने होते. नवी चाती बसवल्यावर दोन्ही टोकांची उंची एकाच ठिपक्यावर सारखी येते का पाहा. मग एकच टोक पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे नेऊन मोजा. एकाच ठिपक्यावर ‘क’ आणि ‘ख’ सारखे, पण डावी-उजवी उंची वेगळी, असे झाले तर चाती सरळ असून ती जिथे बसली आहे तो पत्रा किंवा सारे डेकच कलले आहे. पुढची आणि मागची उंची थोडी वेगळी असणे मात्र दोष नाही. गवत नीट कापले जावे म्हणून पुष्कळ यंत्रांत पात्यांची पुढची बाजू मुद्दाम किंचित खाली ठेवलेली असते.

पाहा, एका पट्टीने तीन संशयित वेगळे केले. फिरणाऱ्या दोषाची जागा फिरण्याबरोबर बदलते. स्थिर दोष जागा सोडत नाही. एवढेच तत्त्व आपण वापरले.

उपचार

वाकलेले पाते किंवा चाती हातोड्याने ठोकून सरळ करू नये. ठोकलेल्या पोलादात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. असे पाते फेकून द्यावे, चाती बदलावी. पाते नुसते बोथट असेल तर कानसेने मूळच्या कोनात धार लावावी आणि मग समतोल पाहावा. भिंतीत एक आडवा खिळा ठोकून त्यावर पाते मधल्या भोकात अडकवा. जी बाजू खाली जाईल ती जड. त्या बाजूची थोडी थोडी कानस करत जा. पाते आडवे स्थिर राहिले की झाले. बोल्ट पुस्तिकेत सांगितलेल्या बलानेच आवळावा. आणि पाते उलटे बसवू नका! पंख वर, डेककडे हवा. हसू नका, ही चूक चांगली जाणती माणसेही करतात.

तुमच्या घरचा रोगी

तुम्ही विचाराल, आमच्याकडे असले यंत्र कुठे? तर हीच नाडीपरीक्षा तुमच्या सायकलीवर करता येईल. सायकल उलटी करून आसनावर आणि हँडलवर उभी करा. पुढचे चाक हळूच फिरवून सोडा. ते नेहमी एकाच जागी येऊन थांबते काय? मग खाली आलेली बाजू जड. बहुधा तिथे व्हॉल्व्ह सापडेल. चाक आडवे हलवून पाहा. खडखडले तर आसाची बेअरिंगे सैल आहेत. मग ब्रेकचा रबर हा स्थिर ठिपका समजून चाक सावकाश फिरवा आणि रिम त्याच्या जवळ-दूर होते का ते पाहा. रिम एकाच जागी जवळ येत असेल, तर चाक वाकडे आहे. ते सगळ्या फेऱ्यात सारखेच एका बाजूला असेल, तर चाक सरळ असून ब्रेक तिरका बसला आहे किंवा चाक आसावर तिरके आवळले आहे. पुन्हा तेच तत्त्व! फक्त फिरत्या आऱ्यांमध्ये बोटे घालू नका.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज घेता येईल. मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक सायकल द्यावी. दोष दुरुस्त करण्याआधी प्रत्येक गटाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय दिसले, त्याची कोणती कारणे संभवतात, आणि कोणत्या तपासणीने त्यांतले एक कारण बाद झाले.

काकांनी पहिल्याच दिवशी या तीन ओळी लिहिल्या असत्या, तर त्यांचे एका पात्याचे पैसे वाचले असते. पण ते नवे पाते आता नव्या, सरळ चातीवर बसले आहे. पाती जोडली की एकसारखा, शांत गुणगुणाट येतो. टोक अजूनही ताशी ३०० किलोमीटरनेच धावते आहे. फरक एवढाच, की रस्सीखेचीतले दोन्ही संघ आता सारखे आहेत.